‘आता बस’ म्हणणारा भाऊ आणि अर्ध्यावर थांबलेला हात

पत्र, थोडक्यात:

मुंबईच्या मध्य उपनगरात राहणाऱ्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय २४, एका मंडप डेकोरेटरकडे रोजंदारीवर होता. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी अंबरनाथच्या बाजूला मंडप उभारताना हातातला लोखंडी पाइप वरून गेलेल्या हाय टेन्शन लाइनला लागला. करंट उजव्या हातातून शिरला आणि डाव्या पायातून बाहेर पडला. जीव वाचला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. मनगटाची आतली बाजू पार जळाली. जखम साफ करायला पुन्हा पुन्हा थिएटरमध्ये नेलं, मग हात जांघेपाशी शिवून तिथली कातडी मनगटावर घेतली. आता नऊ महिने झालेत. जखम भरली आहे, पण अंगठा आणि उरलेली दोन बोटं आपणहून वाकत नाहीत आणि त्यांना स्पर्श कळत नाही. सर्जन म्हणतात, आणखी दोन-तीन ऑपरेशनं लागतील, दीड-दोन वर्षं जातील. भाऊ म्हणतो, ‘आता बस.’ मामा म्हणतात, हात कापून इलेक्ट्रॉनिक हात लावा. वडील हाताच्या प्रत्यारोपणाच्या बातम्यांची कात्रणं जमवतात. डेकोरेटरने सुरुवातीचं बिल भरलं, आता ‘आणखी पन्नास हजार देतो, एका कागदावर सही करा’ म्हणतो. ताईंचे दोन प्रश्न आहेत: पहिल्या हॉस्पिटलने वेळ घालवला म्हणून बोटं गेली का? आणि हिंमत हरलेल्या भावाला ऑपरेशनला तयार कसं करू?

उत्तर:

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नातला ‘हिंमत हरलेल्या’ हा शब्द मला खटकला. हे त्याने तुम्हाला सांगितलंय, की तुम्ही तसं धरून चालला आहात? पत्रात त्याचं म्हणून एकच वाक्य आहे, ‘आता बस.’ बाकी सगळं मामा, वडील, डेकोरेटर आणि तुम्ही बोलता आहात.

मी डॉक्टर नाही. महापालिकेच्या एका रुग्णालयात समाजसेवा विभागात होते आणि भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोलण्यातच नोकरीचा मोठा भाग गेला. त्या अनुभवावरून एक अंदाज सांगते. चुकीचा असेल तर सोडून द्या.

हात जांघेला शिवलेला असतानाचे ते तीन आठवडे आठवा. कोपर वाकलेलं, मनगट पोटाच्या खाली अडकलेलं. कुशीवर वळता येत नाही. बेडपॅन दुसऱ्याने द्यायचा, पायजम्याची नाडी दुसऱ्याने बांधायची, ड्रेसिंगखाली खाज सुटली तरी खाजवता यायचं नाही. पट्ट्यांना ओलसर वास येतो आणि भेटायला आलेल्या माणसाला तो आला हे चेहऱ्यावर दिसतं. चोवीस वर्षांच्या मुलासाठी हे किती लाजिरवाणं असतं, यावर घरात कोणी बोलत नाही. तो स्वतः तर नाहीच नाही. मग सर्जनने ‘अजून दोन-तीन ऑपरेशनं’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहत असेल? मला वाटतं, तेच तीन आठवडे, आणखी दोन-तीन वेळा.

आणि बहुतेक ते तसं नसतं. कातडीचं काम आता झालेलं आहे. पुढची ऑपरेशनं टेंडनची (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि नर्व्हची (स्पर्शाचा आणि हालचालीचा निरोप नेणारा मज्जातंतू). त्यात हात कुठेही शिवून ठेवत नाहीत; प्लास्टरच्या पट्टीत असतो आणि सगळं नीट असेल तर माणूस काही दिवसांत घरी येतो. हे त्याला कोणी सांगितलंय का? ओपीडीत शंभर माणसं खोळंबलेली असतात, सर्जन दोन मिनिटांत ‘स्टेज वन, स्टेज टू’ म्हणून मोकळे होतात. पुढच्या खेपेला त्याला स्वतःला हे विचारू द्या: ‘हात पुन्हा जांघेला बांधणार का? दवाखान्यात किती दिवस? अंघोळ कोण घालणार?’ तुम्ही शेजारी बसा आणि गप्प बसा. बहिणीला गप्प बसणं जड जातं, मला ठाऊक आहे.

आता पहिल्या हॉस्पिटलचा प्रश्न. तिथे काय घडलं हे कागद न पाहता मी सांगू शकत नाही. पण एवढं नक्की की विजेचं भाजणं दिव्या-स्टोव्हच्या भाजण्यासारखं नसतं. वरच्या कातडीवर जळाल्याची खूण छोटी दिसते आणि आतला नाश मोठा असतो. हाड विजेला अडवतं म्हणून तापतं, आणि हाडालगतचे खोल स्नायू वरची कातडी चांगली असतानाही आतल्या आत मरतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असते, त्यामुळे पहिल्या दिवशी जिवंत दिसलेला भाग चार दिवसांनी काळा पडू शकतो. म्हणून पुन्हा पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं, दर वेळी मेलेलं तेवढं काढायचं आणि बाकीच्याची वाट पाहायची. हे टाळाटाळ केल्याचं लक्षण नव्हे, विजेच्या जखमेचा उपचारच असा असतो. पहिल्या काही तासांत हाताला उभे चिरे दिले होते का, लघवी गडद तपकिरी होती म्हणून सलाईनचा मारा केला होता का, हे डिस्चार्ज कार्डावर असेल. चिरे आतला दाब सुटावा म्हणून देतात. गडद लघवी म्हणजे मेलेल्या स्नायूंचा कचरा मूत्रपिंडात उतरत असतो. हे दोन्ही वेळेत झालं असेल तर तिथल्या लोकांनी भावाचा जीव वाचवला असं समजा. नसेल झालं, तर तक्रारीचा विचार वेगळा करा. पण त्यात पुढच्या उपचाराचं घोंगडं भिजत ठेवू नका.

तुमचा खरा प्रश्न, तयार कसं करू. मला तो प्रश्नच थोडा बदलून हवाय. ‘ऑपरेशन करायचं की नाही’ असं विचारलंत की तो ‘नाही’ म्हणणार. त्याऐवजी विचारा, ‘या हाताने तुला काय काय करायचंय?’ आणि ‘पहिल्यासारखं सगळं’ हे उत्तर मान्य करू नका. मनगटातून हाय टेन्शन करंट गेलेला हात कोणत्याही सर्जनकडून पहिल्यासारखा होत नाही. जो होईल म्हणतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण लोकलमधला खांब धरणं, भाकरी मोडताना दुसऱ्या हाताने ती दाबून ठेवणं, मोबाइल धरून डाव्या हाताने नंबर लावणं, शर्टाची बटणं, स्क्रू ड्रायव्हर पकडणं ही वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाला लागणारी ताकद, पकड, संवेदना वेगळी. सर्जन त्याप्रमाणेच आखणी करतात. त्याने तीन कामं सांगितली की डॉक्टरांपुढे ती ठेवा: ‘यातलं काय जमेल, कशाने जमेल, किती खात्रीने?’

मग डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा, कारण सगळं त्यावर ठरतं: दोरी तुटली आहे, की दोरी ओढणारा माणूसच गेला आहे? म्हणजे मनगटाजवळ फक्त टेंडन जळाली आहेत, की ती ओढणारे कोपर ते मनगट या भागातले स्नायूही मेले आहेत? स्नायू जिवंत असतील तर आधी टेंडनच्या वाटेत सिलिकॉनची नळी ठेवतात, तिच्याभोवती गुळगुळीत बोगदा तयार होतो, आणि साधारण तीन महिन्यांनी नळी काढून शरीरातलंच दुसरीकडचं टेंडन तिथे घालतात. तुमच्या सर्जनने सांगितलेल्या दोन-तीन ऑपरेशनांचा अर्थ बहुधा हाच. स्नायू मेले असतील तर नवं टेंडन घालून काही होणार नाही. अशा वेळी हाताच्या पाठच्या बाजूचे, बोटं सरळ करणारे जिवंत स्नायू पुढे वळवून त्यांना बोटं मिटायचं काम देतात. एक-दोन स्नायू दिले तरी पाठीमागचं काम बाकीचे सांभाळून घेतात. तेवढंही शिल्लक नसेल तर मांडीतला स्नायू रक्तवाहिनी आणि नर्व्हसकट हातात बसवता येतो. ते मोठं काम आहे आणि सगळीकडे होत नाही.

एक गोष्ट भावाच्या बाजूची आहे. गेलेली बोटं करंगळी आणि तिच्या शेजारचं. उरली आहेत ती अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. चिमटीला हीच तीन लागतात, आणि या तिघांच्या पुढच्या बाजूला स्पर्श देणारी मुख्य नर्व्ह एकच, मीडियन नर्व्ह, मनगटाच्या मधोमधून जाणारी. ती जोडून घेण्याची शक्यता असेल तर तो विषय सगळ्यांत आधी काढा. बधिर बोटांचा हात वापरला जात नाही. डोळ्यांनी पाहत राहिल्याशिवाय त्याला काय धरलंय ते कळतच नाही. गरम कटिंगचा ग्लास धरला तर चटका बसत नाही, फोड तेवढा दुसऱ्या दिवशी दिसतो. नर्व्ह जोडताना मधली गेलेली लांबी भरून काढायला पोटरीमागची एक नर्व्ह घेतात. पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा राहतो, तो बहुतेकांना चालतो. भावाच्या डाव्या पायातून करंट बाहेर पडलाय, म्हणून नर्व्ह कोणत्या पायातून घेणार हे विचारून घ्या. पुन्हा वाढणारी नर्व्ह दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजा, सहा-सात महिने तर त्यातच गेले. आणि जे परत येतं ते पूर्वीचं नाजूक स्पर्शज्ञान असेलच असं नाही. विजेच्या जखमेत व्रण जाड असतो, निकाल एकसारखे येत नाहीत. निदान चटका कळला, टोचलेलं कळलं, तरी मी ते मोठं समजते.

इथेच घाई कशाची आणि नाही कशाची हे वेगळं करायला हवं. तुमच्या घरात सगळ्याचीच घाई चालली आहे, म्हणून तो सगळ्यालाच नाही म्हणतोय.

नर्व्हच्या कामाला घाई आहे. नर्व्ह तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्ष वाट पाहतो, पुढे त्याची दोरखंडासारखी गाठ होते आणि नंतर नर्व्ह जोडली तरी तो जागा होत नाही. नऊ महिने गेलेत. त्यामुळे ‘नर्व्ह जोडण्यासारखी आहे का’ याचं उत्तर या महिन्यातच मिळवा. नर्व्हची तपासणी झाली नसेल तर तीही विचारा. स्पर्शासाठी ही मुदत थोडी सैल असते, पण अंगठ्याच्या बुडच्या स्नायूंना नाही. ती संधी हुकली तरी अंगठा बोटांसमोर आणणारं टेंडन नंतर फिरवता येतं, म्हणजे दार पूर्ण बंद होत नाही.

टेंडन फिरवणं, मनगटावरच्या फ्लॅपचा (तिथे आणून बसवलेल्या कातडीचा) जाडपणा कमी करणं, आखडलेला व्रण मोकळा करणं, यांना घाई नाही. सहा महिने, वर्षभर थांबला तरी फारसं बिघडत नाही. (तो फ्लॅप जांघेकडच्या कातडीचा आहे, तिचा स्वभाव तसाच राहतो. त्याला तिथे केस येतील आणि वजन वाढलं तर मनगटही फुगेल. हे आधी सांगितलं नाही तर मुलं घाबरतात.)

पण एक मोठी अट आहे. थांबायचं असेल तर सांधे मऊ ठेवून थांबायचं. ज्या बोटाचा सांधा दुसऱ्या हाताने वाकवला तर वाकतो त्यालाच नवं टेंडन वाकवू शकतं. सांधा एकदा लाकूड झाला की उत्तम टेंडनही त्याला हलवत नाही, आणि आज ‘नको’ म्हणणारा भाऊ उद्या ‘हो’ म्हणाला तरी सर्जन मान हलवतील. म्हणून ऑपरेशनला नकार चालेल, व्यायामाला नाही. डाव्या हाताने उजव्याची तिन्ही बोटं एकेक सांधा करून वाकवायची आणि सरळ करायची, दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं. रात्री स्प्लिंट, म्हणजे बोटं योग्य स्थितीत धरून ठेवणारी पट्टी. व्रणाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून बोटाने गोल दाबत चोळायचं. घट्ट हातमोजा दिला असेल तर अंघोळ सोडून दिवसभर. मुंबईच्या घामात तो नकोसा होतो, म्हणून दोन जोड घ्या, एक धुवायला. शेक आणि गरम तेल मात्र सक्त मना, बधिर हात जळतोय हे त्याला कळणार नाही. हे सगळं नेमकं कसं करायचं ते हाताचं काम जाणणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. पालिकेच्या केईएम, सायन, नायर या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही विभाग आहेत. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे पुढे कोणतं काम करता येईल याचीही तपासणी होते. दुसरं मत घ्यायलाही यातलं एखादं ठिकाण पुरे. कागद सगळे न्या, जखमेचे मोबाइलवरचे जुने फोटोसुद्धा.

मामांचं उत्तर लवकर देते. इलेक्ट्रॉनिक हात बघायला छान असतो, किंमत लाखांत असते, त्याला सहसा स्पर्श नसतो, बहुतेकांना घाम आणि पावसाचं पाणी चालत नाही. घेऊन कपाटात ठेवणारे कमी नाहीत. सतत पिकणारा, सतत दुखणारा, आकसून निकामी झालेला हात कापणं कधी कधी शहाणपणाचं ठरतं, हे खरं. पण जिथे तीन बोटं शाबूत आहेत तिथे तो विचार सगळ्यांत शेवटी. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, मामांना सांगा एकदा थेरपीला सोबत या.

वडिलांनाही प्रेमाने सांगा. प्रत्यारोपण मुंबईत २०२० पासून झालेलं आहे, बातम्या खोट्या नाहीत. पण दुसऱ्याचा हात शरीराने नाकारू नये म्हणून आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. तो सौदा मुख्यतः दोन्ही हात गमावलेल्यांसाठी आहे.

त्याची चिडचिड वाढली असेल, फ्यूज उडाल्याच्या आवाजाने दचकत असेल, झोपेत पाइप हातात दिसत असेल, तर हे विजेच्या अपघातानंतर होतं आणि त्यावर उपचार आहेत. काढलेल्या बोटांत आग होत असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. नर्व्हच्या दुखण्याची औषधं नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांहून वेगळी असतात, ‘क्रोसिन घे’ म्हणून भागत नाही. आणि डोळे एकदा तपासून घ्या. विजेच्या झटक्यानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो, तरुणांतसुद्धा.

आता तो कागद. सही करू नका. पन्नास हजार आज मोठे वाटतात, पण काम करताना झालेल्या अपघाताची भरपाई हा भावाचा हक्क आहे, डेकोरेटरची मेहेरबानी नाही. नेमणूकपत्र नसलं तरी तो कामावर होता हे दाखवता येतं: सोबतच्या पोरांचे जबाब, फोनवरचे मेसेज, पोलिसांचा पंचनामा, गूगल पेवर आलेली मजुरी. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात हक्क सोडून देणारा करार रद्दबातल मानला होता. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. अपघाताच्या तारखेला काय लागू होतं ते कामगारांची प्रकरणं चालवणारा वकील सांगेल. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा, असा हिशेब धरून चला, म्हणजे नऊ महिने तिथेही गेलेत. एक बारीक मुद्दा वकिलाच्या कानावर घाला. जुन्या कायद्याच्या परिशिष्टात अवयवाचा वापर कायमचा आणि पूर्ण गेला तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा, असं म्हटलं होतं. म्हणजे हिशेब काढलेल्या दोन बोटांवर थांबत नाही, शिल्लक पण न हलणारीही त्यात येऊ शकतात. वीज कायद्याप्रमाणे अशा अपघाताची खबर विद्युत निरीक्षकांकडे जायला हवी, त्यांच्या अहवालाची प्रत मागा.

उपचाराच्या खर्चासाठी रुग्णालयात सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजणं आणि प्लास्टिक सर्जरी दोन्ही विषय आहेत. कोणतं ऑपरेशन बसतं ते तो यादीत पाहून सांगेल. धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. समाजसेवकाला भेटून तसा अर्ज द्यायचा, तोंडी विचारणा करून परत फिरायचं नाही. अपंगत्वाचा दाखला ४० टक्क्यांपुढे निघाला तर सरकारी सवलतींची दारं उघडतात. उपचार चालू असताना तात्पुरताही मिळतो.

तुम्ही लिहिलंत की त्याला घास तुम्ही भरवता आणि बटणंही तुम्हीच लावता. तो उजवा होता ना? मग डाव्याला शिकू द्या. सांडेल, वेळ लागेल, आईला बघवणार नाही. ऑपरेशन झालं तरी डाव्या हाताचं शिकणं फुकट जात नाही.

आणि या आठवड्यात एक काम उरका. बँकेत त्याची उजव्या हाताची सही नोंदवलेली असणार, भरपाईचा किंवा मदतीचा चेक आला की तिथे अडकेल. डाव्या हाताची सही घरी सरावाने बसली की शाखेत जाऊन ती बदलून घ्या. आधार केंद्रात बायोमेट्रिकही अद्ययावत करा, कारण उजव्या हाताचे ठसे आता जुळतीलच असं नाही आणि रेशनच्या दुकानातलं यंत्र तुमची अडचण समजून घेणार नाही. डाव्या हाताचे ठसे आणि डोळ्याची नोंद चालते. जाताना डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा.